नवीन कॅमोफ्लाज कपडे आणि सामान घ्यायचंय: नमुना बघू की कापड?

पायवाट यांचा प्रश्न

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या प्रशिक्षण गटाचे कपडे आणि अंगावरचं सामान नव्याने घ्यायचं ठरलंय, आणि निवडीचं लोढणं माझ्या गळ्यात पडलंय. सध्या सगळ्यांकडे जुना वुडलँड, म्हणजे हिरव्या-तपकिरी डागांचा जंगली नमुना आहे. तो इतका विटलाय की त्यातला हिरवा कुठला आणि तपकिरी कुठला, हे आता आठवणीवरच ओळखावं लागतं.

पुरवठादाराने तीन प्रकार पाठवलेत. पहिला मल्टिकॅमच्या घराण्यातला, एकमेकांत मिसळत जाणाऱ्या छटांचा. दुसरा चौकोनी ठिपक्यांचा डिजिटल. तिसरा त्यांचा स्वतःचा, 'नव्या पिढीचा' म्हणून मिरवतात तो. फोटोत तो झकासच दिसतो, पानांच्या शिरासुद्धा मोजून घ्या. त्याच्याबरोबर त्याच छापाचं प्लेट कॅरियर (चिलखती पत्रे धरणारं जॅकेट), पाऊच, हेल्मेट कव्हर, पाठपिशवी असा अख्खा संच आहे, आणि वर एक 'अँटी-थर्मल' पोंचो.

आमची जमीन म्हणजे अर्धी सुकलेली झुडपं, पिवळं गवत, मधेमधे उघडा खडक. ओढ्याकाठी मात्र गच्च हिरवं. अंतर बहुतेक वेळा ३० ते २०० मीटर. समोरच्या गटाकडे नाइट व्हिजन आहे आणि हल्ली थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोनही आलाय.

नमुना कोणता घ्यावा? सगळं एकाच छापात हवं का? लेबलवर 'एनआयआर', म्हणजे निअर-इन्फ्रारेड, नाइट व्हिजनपासूनही लपवणारं असं लिहिलंय, ते खरं की खोटं हे आपल्याला तपासता येतं का? आणि त्या पोंचोवर कितपत विसंबायचं? गटातली तरुण पोरं तिसऱ्या नमुन्यावर लट्टू आहेत. 'मला आवडत नाही' एवढ्यावर ती ऐकणार नाहीत, काहीतरी ठोस हातात द्या.


छपाईवाला

पायवाटराव, प्रश्न चांगले आहेत, फक्त क्रम उलटा करा. नमुना सगळ्यात शेवटी.

मी कॅमोफ्लाज कापड छापणाऱ्या रंगखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं काढली आहेत. ताका यंत्रावरून उतरला की त्याचा तुकडा कापायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे परत फिरणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला लावायचा, हे माझं काम. गिऱ्हाईक यायचं, टेबलावर कापड पसरायचं, दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करायचं आणि म्हणायचं, वा! अहो, पण त्या टेबलावर कोण लपणार आहे?

लष्करी कापडात प्रत्येक रंग वेगळा मोजतात. अमेरिकी मानकांत ६०० ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत, दर २० नॅनोमीटरला, त्या रंगाने किती प्रकाश परत फेकावा याची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. आपल्या डोळ्यांना ७०० च्या पुढे जवळपास काही दिसत नाही. तिसऱ्या पिढीच्या नाइट व्हिजनच्या नळीला मात्र ९०० च्या आसपासपर्यंत दिसतं. आणि नेमकं तिथेच हिरवं पान आपला रंग बदलतं. हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकतं, पण त्यापुढचा इन्फ्रारेड पानातून जवळजवळ निम्मा परत फिरतो. म्हणून नाइट व्हिजनमध्ये झाडी फिकट आणि ओली माती गडद दिसते. कापडातल्या हिरव्यानेही तिथे उजळायला हवं, तपकिरीने मधे कुठेतरी राहायला हवं आणि काळ्याने काळंच. तसं झालं तर रात्री नमुना नमुना राहतो. नाहीतर चारही रंग एकाच पांढुरक्या पातळीवर येतात आणि माणसाच्या आकाराचा सपाट डाग चालत येताना दिसतो. मग दिवसा त्यावर पानांच्या शिरा होत्या की चौकोन होते, याला काही अर्थ उरत नाही.

आता कापडाची जात. सुती किंवा नायलॉन-सुती मिश्र कापडावर व्हॅट रंगांनी छापलं तर हा चढउतार साधता येतो, कारण काही व्हॅट रंग इन्फ्रारेडही शोषतात. ५०-५० नायलॉन-सुती रिपस्टॉप (फाटत न जाणारी, बारीक चौकटीची वीण) इतकी वर्षं टिकून आहे, त्यामागचं एक कारण हेच. निव्वळ पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतात आणि त्यातले बहुतेक इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. दिवसा काळाकुट्ट असलेला पट्टा रात्री पांढराफटक. यावर उतारा म्हणून कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीची पूड घालतात. तो जरा जास्त झाला की सगळ्या छटा मळकट होतात, कमी पडला तर घातल्यासारखा नाही. एका ताक्यात तोल साधणं सोपं आहे, शंभराव्या ताक्यात तोच तोल राखणं अवघड. स्वस्त माल देणारा हात आखडतो तो इथे.

तुमच्या तिसऱ्या नमुन्याच्या आतल्या लेबलवर कापडाची घडण काय लिहिली आहे ते आधी वाचा. पानांच्या शिरा मोजता येतील इतका बारीक छाप बहुतेक वेळा कागदावर छापून उष्णतेने पॉलिएस्टरवर उतरवलेला असतो. तसं असेल तर 'एनआयआर' हा शब्द लेबलवर आहे, कापडात असेलच असं नाही.

तपासणी घरी होते. सुरक्षेचा साधा कॅमेरा घ्या, ज्याच्या भिंगाभोवतीचे दिवे अंधारात मंद लालसर दिसतात तो. ते दिवे ८५० नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. खोलीत पूर्ण अंधार करा, सगळं सामान एका दोरीवर टांगा आणि शेजारी ताज्या पानांची फांदी व थोडी माती ठेवा. फांदी हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार? मोबाइल वापरू नका, त्याच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते. ही काही प्रयोगशाळेची मोजणी नव्हे, पण चोर पकडायला पुरते.

आणि चोर बहुतेक वेळा कापड नसतंच. एक जॅकेट माझ्या डोळ्यांसमोर आहे. कापड अगदी मापात, आमच्याकडचंच. शिवणाऱ्याने मात्र धागा घेतला साधा पॉलिएस्टरचा. कॅमेऱ्यात जॅकेट मागच्या झाडीत विरून गेलं आणि उरली ती नुसती शिवण. कॉलर, खांदे, बाह्या, खिशांच्या झडपा, सगळं खडूने आखून काढल्यासारखं. झिपची पट्टी, वेल्क्रो, नाडी, बकल, पाठपिशवीचे पट्टे हे सगळे असेच उघडे पडतात. चांगल्या बकलांच्या प्लॅस्टिकमध्येही इन्फ्रारेडचा विचार केलेला असतो, स्वस्त नकलेत नुसता रंग सारखा असतो.

धुण्याबद्दल एकच. कपडे 'उजळ' करणारी पावडर अजिबात नको, ब्लीच नको, खळ नको. पावडरीतला उजाळा देणारा पदार्थ अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतो. पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा आकाशाचा निळा उजेड जास्त असतो, तेव्हा असा कपडा आजूबाजूच्या गवतापेक्षा एक पायरी उजळ दिसतो. अतिनील टॉर्च मारून बघा. नवा कपडा शांत राहील, चुकीच्या पावडरीत धुतलेला चमकेल. खळ घालून कडक इस्त्री केलेला गणवेश परेडला ठेवा. घडीची धार लांबून सरळ रेघ दाखवते आणि खळीची सपाट तकाकी वेगळीच.


टेहळ्या

छपाईवाले साहेबांनी रात्रीचं सांगितलं, मी दिवसाचं सांगतो. दुर्बीण घेऊन तासन्‌तास एकाच उतारावर नजर ठेवणं हे माझं काम होतं. त्यामुळे कपड्यांचा विचार मी घालणाऱ्याच्या नाही, बघणाऱ्याच्या बाजूने करतो.

नमुना मला क्वचितच दिसायचा. आधी दिसायची हालचाल. मग सरळ रेघ, कारण झुडपात सरळ रेघ नसते. मग चकाकी. मग सावली. मग हात आणि चेहरा. लाखभर ठिपक्यांचा कपडा घालून माणूस उघड्या हाताने नाक खाजवतो आणि गेला कामातून.

सगळं एकाच छापात हवं का, तर नको. छातीवर कपडा असतो, त्यावर प्लेट कॅरियर, त्यावर पाऊच. सगळ्यावर एकच छाप असला की कडा मोडायच्या ऐवजी एक मोठा छापील ठोकळा तयार होतो. शिवाय पाऊच असतात जाड नायलॉनचे, ५०० किंवा १००० डेनियरचे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप). त्यावर तोच रंग कपड्यापेक्षा वेगळा बसतो आणि वेगळ्या गतीने विटतो. वर्षभरात कपडा पिवळट आणि पाऊच तसेच गडद हिरवे. त्यापेक्षा सामान एकरंगी घ्या, कोयोटी तपकिरी किंवा मातकट हिरवं. तुमच्या खडक-गवताला कोयोटी जास्त मानवेल. छापील कपड्यावर एकरंगी सामान म्हणजे एक मोठा ठिगळच, आणि मोठी ठिगळं माणसाचा आकार मोडतात.

पाऊच अडकवायच्या पट्ट्यांच्या रांगा बघा. एक इंचाची पट्टी, एक इंचाची फट, पुन्हा पट्टी. कलतं ऊन पडलं की प्रत्येक पट्टीखाली बारीक सावली पडते आणि छातीवर जाळी उमटते. मोकळ्या पट्ट्या ठेवू नका, तागाच्या दोन-चार चिंध्या ओवा. हल्ली लेझरने कापलेल्या लॅमिनेटचं, म्हणजे थर चिकटवून केलेल्या कापडाचं सामान निघालंय. हलकं आहे, पाणी पीत नाही, पण ओलं झालं की त्यातले काही प्रकार चकाकतात आणि काटेरी झुडपातून जाताना कापडापेक्षा जास्त करकरतात. घेण्याआधी पाणी मारून उन्हात धरा. वेल्क्रोच्या आवाजाबद्दल तर बोलायलाच नको.

हेल्मेटचा गोल घुमट ही सगळ्यात ओळखू येणारी गोष्ट. छापील कव्हरने तो गोलच राहतो. जाळी लावा, तिच्यात कपड्याचे तुकडे अडकवा आणि जिथे बसणार तिथली काडी-पालवी खोचा. पालवी कोमेजली की बदला. पानाची खालची बाजू फिकट असते, ती वर ठेवून खोचणारे महाभागही पाहिलेत.

पूर्ण घिली सूट, म्हणजे चिंध्या-पालवीने झाकलेला अख्खा पोशाख, सगळ्यांना नको. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या लोवॅट स्काउट्सनी तो नेमबाजांसाठी रुळवला आणि तो अजूनही त्यांचाच आहे, म्हणजे एका जागी पडून राहणाऱ्यांचा. चालणाऱ्याला डोकं आणि खांदे झाकणारी अर्धी जाळी पुरते. ताग वापरणार असाल तर आगीला दाद न देणारी प्रक्रिया केलेलाच घ्या. साधा ताग एका ठिणगीने पेटतो.


पिक्सेलपंथी

दोघांनीही नमुन्याला इतकं खाली बसवलंय की राहवलं नाही. नमुना चुकला तर काय होतं याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अमेरिकी लष्कराने २००४ मध्ये राखाडी-हिरवट डिजिटल नमुना निवडला, यूसीपी. वाळवंट, जंगल, शहर, सगळीकडे चालेल असा एकच. कुठेच चालला नाही. अफगाणिस्तानात जाणाऱ्यांना २०१० पासून मल्टिकॅम द्यावा लागला आणि जुलै २०१५ पासून सगळ्या लष्करासाठी ओसीपी हा नवा नमुना आणला. कापड तर तेच ५०-५० नायलॉन-सुती होतं! मग दोष नमुन्याचाच ना?

आणि डिजिटलला सरसकट नावं ठेवू नका. कॅनडाचा कॅडपॅट आणि अमेरिकी मरीनचा मारपॅट डिजिटलच आहेत. मारपॅट २००२ पासून चालतोय आणि मरीन तो सोडायला तयार नाहीत. पायवाट, तुमचा दुसरा नमुना घ्या.


छपाईवाला

पिक्सेलपंथी, दाखला बरोबर, फक्त गुन्हेगार चुकीचा पकडलात. यूसीपी फसला तो छटांमुळे. तिन्ही रंग फिके, एकमेकांच्या जवळचे, गडद असं काहीच नाही. पन्नास पावलांवर ते मिसळून एकच फिकट राखाडी व्हायचा. मारपॅटमध्ये गडद आणि फिकट यांच्यात भरपूर अंतर आहे, शिवाय ठिपक्यांचे मोठे समूह आहेत. चौकोन दोघांतही आहेत, म्हणजे यशापयशाचं श्रेय चौकोनाला जात नाही.

याचा हिशोब पोरांना दाखवा, तो पटतो. चांगल्या डोळ्याला साधारण एक कलामिनिट (कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एवढा बारकावा कळतो. १०० मीटरवर तो होतो जेमतेम ३ सेंटिमीटर. म्हणजे ६ मिलिमीटरचा चौकोन २० मीटरच्या पुढे चौकोन म्हणून दिसतच नाही, शेजाऱ्यांत मिसळून जातो. तुमचं अंतर ३० ते २०० मीटर. तिथे काम करणार ते तळहातापेक्षा मोठे डाग, तेही एकमेकांपासून छटेने चांगले तुटलेले. बारीक छापाचं काम जवळच्या अंतरावर, मोठ्या डागांची कड मऊ करायची, एवढंच. हा दुहेरी विचार जुना आहे. १९७० च्या दशकात अमेरिकी लष्करातल्या टिमोथी ओ'नील यांनी चिलखती गाडीवर चौकोन रंगवून तो करून पाहिला होता. चौकोन घेतले ते सोयीचे म्हणून. जर्मनांचा फ्लेकटार्न गोल ठिपक्यांचा आहे आणि जंगलात तो कुणाला हार जात नाही.

म्हणून तिन्ही नमुने झाडीत टांगा, १०० मीटर मागे जा आणि फोटो काढून तो धूसर करा. नमुना एकसंध होऊन माणसाच्या आकाराची छाया उरली की तो बाद. तुमच्या पानांच्या शिरांचं काय होईल ते मी आत्ताच सांगू शकतो, पण पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

आणि 'फोटोत आवडला' या निकषाचा सरकारी दाखलाही आहे. अफगाण सैन्यासाठी खासगी मालकीचा जंगली नमुना निवडला गेला, कारण तिथल्या मंत्र्यांना तो संकेतस्थळावर पाहून आवडला होता. अमेरिकेच्या अफगाण पुनर्बांधणीवर देखरेख करणाऱ्या सिगार या तपास संस्थेने २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यात २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत अनावश्यक खर्च झाल्याचं नोंदवलं. देशाचा वनव्याप्त भाग किती, तर २.१ टक्के.


उंचावरून

ड्रोन आणि थर्मल हा माझा प्रांत, तेव्हा पोंचोचं मी सांगतो. वर कोणी त्याला हात लावला नाही, आणि खरं तर आज सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच चालते.

आधी हे डोक्यातून काढा की थर्मल म्हणजे नाइट व्हिजनचा मोठा भाऊ. नाइट व्हिजन परावर्तित प्रकाश बघतं. थर्मल कॅमेरा वस्तूने स्वतः सोडलेली उष्णता बघतो. ड्रोनवरचे बहुतेक थर्मल ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात. तिथे हिरवा, तपकिरी, काळा असा भेदच नाही. साधं कापड, मग छाप कोणताही असो, जवळपास सारखीच उष्णता सोडतं. छपाईवाल्यांनी ज्या एनआयआरवर एवढा जीव टाकलाय, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. दोन वेगळ्या लढाया आहेत.

पोंचोत दोन युक्त्या असतात. एक म्हणजे उष्णता अडवणारे थर. दुसरी म्हणजे धातूचा पातळ लेप, जो स्वतः कमी उष्णता सोडतो आणि समोर असेल त्याचं प्रतिबिंब दाखवतो. दोन्ही युक्त्यांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. अंगाला चिकटलेलं कापड थोड्याच वेळात अंगाएवढं तापतं. त्वचा ३३ अंशांच्या आसपास, रात्री जमीन १५ वर. पोंचो खांद्यावर टेकला की तिथे उजळ ठिपका, गुडघ्यावर टेकला की तिथे. मधे हवेची मोकळी जागा हवी, म्हणजे तो अंगावर घालण्यापेक्षा काठ्यांवर ताणलेला जास्त कामाचा. गाड्यांवर टाकतात त्या बहुपट्ट्याच्या, म्हणजे प्रकाश आणि उष्णता दोन्हींत लपवणाऱ्या जाळ्या, बाराकुडा किंवा अमेरिकी लष्कराची अल्कॅन्स वगैरे, त्या वस्तूपासून अंतर राखून ताणतात ते यासाठीच.

उलट चूकही होते. धातूचा लेप वर करून पोंचो मोकळ्या रानात पांघरला की त्यात निरभ्र आकाशाचं प्रतिबिंब पडतं, आणि निरभ्र आकाश थर्मलला अतिशय थंड दिसतं. मग कोमट जमिनीवर माणसाच्या मापाचं काळं भोक तयार होतं. ते हललं की सांगायलाच नको. पडद्यावर गरम ठिपका शोधणाऱ्याची नजर अशा भोकावर तर आधी जाते.

उष्णता जाते कुठे, हाही प्रश्न आहे. ती अडवून ठेवलीत तर माणूस आत उकडतो आणि शेवटी ती मानेच्या फटीतून वर येते, नेमकी ड्रोनच्या दिशेने. श्वासाचंही तेच. उठून गेल्यावर जिथे पडला होतात तिथली जमीन काही वेळ उबदार राहते, तो ठसाही मी पाहिलाय.

मग पोंचो घ्यावा का? थांबून राहणाऱ्या दोघा-तिघांसाठी घ्या, काठ्या आणि दोरीसकट. चालणाऱ्यांना देऊ नका. चालताना सगळ्यात भरवशाचा आडोसा म्हणजे दाट पर्णछत्र, कारण ओल्या पानांच्या दोन-तीन थरांतून उष्णता सहज दिसत नाही. तुमचा ओढा त्यासाठी सोन्यासारखा आहे. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास खडक, माती, झुडपं यांचं तापमान एकमेकांजवळ येतं आणि चित्र सपाट होतं. जमीन अंगाएवढी तापलेली असेल तर त्या वेळी माणूसही त्यात बुडतो, थंड रात्री मात्र तो उठूनच दिसतो. आणि दुपारभर तापलेला खडक संध्याकाळी तुमचा मित्र असतो.

पुरवठादाराला सांगा, पोंचो अंगावर घालून वीस मिनिटं बसलेल्या माणसाचं थर्मल चित्रण दाखवा. पहिल्या मिनिटाचं नको. त्यांच्या जाहिरातीत बहुतेक पहिलंच मिनिट असतं.


पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अंधार करून कॅमेऱ्यासमोर दोरी बांधली. पोरं टिंगल करायला आली आणि कॅमेरा सोडून हलेनात.

तिसऱ्या नमुन्याचं लेबल: शंभर टक्के पॉलिएस्टर. कॅमेऱ्यात शर्ट फांदीपेक्षाही पांढरा, शिरा-बिरा गायब. डिजिटलचा कपडा ठीक, पण कोपरावरचा जोड आणि झिप पांढरी. मल्टिकॅमवाला सगळ्यात बरा, तपकिरी आणि हिरवा वेगवेगळे कळतात. त्याचं कापड नायलॉन-सुती आहे. बूट मात्र कोणाचेच धड नाहीत. पोंचोचं वीस मिनिटांचं चित्रण मागितलंय, अजून उत्तर नाही.

दोन गोष्टी राहिल्या. अतिनील टॉर्च मारली तर मल्टिकॅमवाल्या नव्याकोऱ्या पँटच्या खिशाचं अस्तर आणि शर्टाच्या कॉलरमागचं लेबल निळं चमकलं. कपडा परत पाठवू का? आणि पोरं आतून घाम सुकवणारे खेळाचे टीशर्ट घालतात, ते चालतील?


छपाईवाला

अस्तरासाठी परत पाठवू नका. ते आतच राहतं, फक्त खिसा उलटा लोंबत ठेवायचा नाही हे पोरांना बजावा. लेबल काढून टाका, पण ब्लेडने जपून. ते बहुधा कॉलरच्याच शिवणीत धरलेलं असतं, ओढलंत तर कॉलर उसवेल. काढण्याआधी त्यावरचा लॉट क्रमांक वहीत उतरवून घ्या. पुढची मागणी त्याच लॉटची मागा, आणि नाही मिळाली तर नवा तुकडा जुन्याशेजारी पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरा. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये रात्री किती फरक पडतो, ते मी रोज मोजलंय.

आतल्या टीशर्टचं मात्र गंभीरपणे घ्या. कुठेही आग, ठिणगी, धूरकांडी, गरम इंजिन यांच्याजवळ काम असेल तर निव्वळ पॉलिएस्टर अंगाला लागून नको. ते जळतं त्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. इराकमध्ये २००६ साली अमेरिकी मरीननी तळाबाहेर जाताना असे कृत्रिम धाग्याचे खेळाचे कपडे घालायला बंदी केली ती याच जखमांमुळे. सुती किंवा लोकरीचे आतले कपडे घ्या. घाम जरा उशिरा सुकेल. नायलॉन-सुती कापडातला नायलॉनही वितळतो, पण सुताचा भाग त्याला धरून ठेवतो, तरीही तो काही आगीपासून वाचवणारा कपडा नव्हे. तसा हवा असेल तर ती जात वेगळी आणि तिचा रंगही वेगळा बसतो.

बुटांचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही ते कोणी मोजायला आणायचं नाही. चामड्याची उलटी, खरबरीत बाजू बाहेर असलेले, पॉलिश न लागणारे घ्या आणि नाड्या बदला. नाड्या बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या असतात, त्या कॅमेऱ्यात बघा एकदा. आणि पोंचोवाल्यांचं उत्तर आलं तर इथे टाका, उंचावरून यांच्याइतकीच मलाही उत्सुकता आहे.